सुपरचार्जरवाली मियाटा आणि बिघडलेलं ट्यूनिंग: दहा शनिवार-रविवारच्या नोंदी

गाडी १९९४ ची माझदा मियाटा. इंजिन १.८ लिटर, कॉम्प्रेशन ९:१. आधीच्या मालकाने तिला ईटनचा एम-४५ सुपरचार्जर, म्हणजे बेल्टवर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा ब्लोअर, बसवला होता. एका फेरीत ४५ घन इंच, म्हणजे ७४० सीसीच्या आसपास हवा ढकलणारा. दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर नाही. थ्रॉटल, म्हणजे रेस दिली की उघडणारी हवेची झडप, ब्लोअरच्या आधी; ब्लोअरनंतर थेट इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरना हवा वाटणारा भाग. मूळचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) काढून मेगास्क्वर्ट हा स्वतः ट्यून करता येणारा ईसीयू लावलेला, त्यामुळे हवेचं माप घ्यायला मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर. मी मूळचा पुण्याचा, राहतो मिशिगनमध्ये, नोव्हायला. गाडी हिवाळ्यात घेतली तेव्हा 'ट्यूनिंग झालेलं आहे' असं सांगितलं होतं. बर्फ वितळल्यावर चालवायला काढली आणि या नोंदी सुरू झाल्या. ज्याच्याकडे अशीच कुणीतरी आधी हात घातलेली गाडी आली असेल त्याचे काही शनिवार वाचावेत, म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

३ मे, शनिवार

तक्रारी जशा दिसल्या तशा. आयडलिंगला एक्झॉस्टमागे उभं राहिलं की डोळे चुरचुरतात. २५०० आरपीएमवर एका वेगात चालवायला गेलं की गाडी झटके मारते, कुणी मागून ओढून सोडल्यासारखी. तिसऱ्या गिअरमध्ये अर्धी रेस दिली की नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी भडकल्याचा खडखडाट, स्पष्ट ऐकू येतं. पूर्ण रेस दिली की नॉकिंग नाही, पण मागे काळा धूर आणि पिकअप मंद. ॲव्हरेज लिटरला ६.८ किलोमीटर.

अर्ध्या रेसला नॉकिंग आणि पूर्ण रेसला नाही, हे उलटं आहे. पूर्ण रेसला इंजिनवर भार जास्त, तिथे आधी वाजायला हवं. मी हे वहीत लिहिलं आणि पुढे गेलो. तिथेच थांबून विचार केला असता तर पुढचे दोन आठवडे वाचले असते.

आज केलेलं एक काम मात्र बरोबर: ईसीयूतला मॅप (इंधन किती आणि ठिणगी किती अंश आधी, म्हणजे टायमिंग, यांचे तक्ते) आहे तसा लॅपटॉपवर उतरवून वेगळ्या नावाने जपून ठेवला. तो पुढे दोनदा कामी आला.

१० आणि ११ मे

दोन्ही दिवस वाया गेले. चूक माझी.

ट्यूनरस्टुडिओ या लॅपटॉपवरच्या ट्यूनिंग प्रोग्राममध्ये गाडी चालता चालता इंधनाचा तक्ता आपोआप सुधारायची सोय आहे. एक्झॉस्टमधल्या वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरने मोजलेलं हवा-इंधनाचं मिक्श्चर आणि आपण ठरवलेलं मिक्श्चर यांत फरक दिसला की ती तक्त्यात त्या त्या आरपीएम आणि दाबाच्या घरातला आकडा बदलते. मी ती चालू केली आणि दोन दिवसांत १९० किलोमीटर गाडी फिरवली. २५०० आरपीएम आणि ८० किलोपास्कलच्या घरातला आकडा सुरुवातीला ५८ होता. तो ६६ झाला, मग ५५, मग ६९. घर स्थिर होईचना. रविवारी संध्याकाळी गाडी आधीपेक्षा वाईट चालत होती. सिग्नलला दोनदा बंद पडली. जुना मॅप परत चढवला.

लॉग उघडून त्या एका घराच्या नोंदी वेगळ्या काढल्या. आरपीएम तोच, दाब तोच, आणि लॅम्डा एकदा १.१२, दुसऱ्यांदा ०.८२. (लॅम्डा १ म्हणजे इंधन आणि हवा अगदी पुरेपूर, त्याच्यावर लीन, म्हणजे इंधन कमी, खाली रिच, म्हणजे इंधन जास्त.) एकाच घरात इतका फरक म्हणजे आकडा चुकलाय असं नाही, ते घर दोन वेगवेगळ्या परिस्थितींना एकच समजतंय. हे आज लिहिता येतंय, त्या दिवशी फक्त गोंधळलो होतो.

१७ मे, शनिवार

आमच्या वसाहतीत सोलापूरचे एक काका राहतात. आयुष्यभर इंजिन कॅलिब्रेशनमध्ये काम केलं, आता निवृत्त आहेत. सकाळी त्यांना बोलावलं. लॅपटॉप त्यांनी उघडूच दिला नाही. "आधी इंजिन दाखव, मग आकडे."

कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला १६८ ते १७५ पीएसआय. चांगलं. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची नळी काढून ४२ पीएसआय, नळी लावून आयडलिंगला ३३. तेही ठीक.

प्लग चारही काजळीने काळे. काकांनी भिंगाखाली धरले तेव्हा दोन आणि तीन नंबरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिरपुडीसारखे बारीक ठिपके दिसले. हे नॉकिंगचं लक्षण. काजळी म्हणजे रिच, ठिपके म्हणजे नॉकिंग, आणि दोन्ही एकाच प्लगवर. म्हणजे हे इंजिन काही वेळ इंधनात बुडतंय आणि काही वेळ त्याला मार बसतोय.

मग तक्ता पाहिला. १०० किलोपास्कलच्या रांगेत, ३५०० आरपीएमच्या पुढे, आकडे १०५ ते १०८. काका तिथे बोट ठेवून बराच वेळ थांबले. "एकशे आठ? या इंजिनाला?"

हा आकडा म्हणजे सिलिंडर किती टक्के भरतो त्याचा अंदाज. कंपनीतून आलेल्या हेडचं हे इंजिन वातावरणाच्या दाबाला फार तर ७५ ते ८५ पर्यंत जाईल. १०८ हा आकडा कुणीतरी मिक्श्चर जमेपर्यंत वाढवत नेलेला होता.

"काका, मग कमी करू का?"

"अजिबात नको. तो आकडा कशावर तरी पांघरूण घालतोय. काय झाकलंय ते बघू उद्या."

१८ मे, रविवार

या संपूर्ण कामातला मुख्य दिवस.

सकाळी सात वाजता आय-९६ महामार्गावर चढायच्या रॅम्पवर गेलो, तेव्हा रहदारी नसते. मी चालवत होतो, काका शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन. डॅशवर आधीच्या मालकाने लावलेलं साधं काट्याचं बूस्ट गेज (वातावरणाच्या वरचा दाब दाखवणारं) आहे, थेट मॅनिफोल्डला नळीने जोडलेलं. दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिली. काका आधी गेजकडे बघून "सहा" म्हणाले, मग लॅपटॉपकडे बघून "सत्त्याण्णव".

रेस सोडली. ते म्हणाले, "सहा पीएसआय म्हणजे किलोपास्कल किती रे?"

एक्केचाळीस. वातावरणाचा दाब इथे ९८. म्हणजे मॅनिफोल्डमध्ये १३९ किलोपास्कल असताना ईसीयूला ९७ दिसत होते. घरी येऊन माझे सगळे जुने लॉग तपासले. १९० किलोमीटरच्या नोंदींमध्ये दाब एकदाही ९८ च्या वर गेलेला नव्हता. सुपरचार्जर असलेल्या गाडीच्या लॉगमध्ये बूस्ट एकदाही नाही, आणि गेज मात्र माझ्या डोळ्यांसमोर रोज सहावर जात होतं. एक पीएसआयमध्ये, दुसरं किलोपास्कलमध्ये, म्हणून मी ते शेजारी ठेवून पाहिलंच नाही.

बॉनेट उघडून नळ्यांचा माग काढला. ब्लोअरच्या आधी, थ्रॉटल आणि ब्लोअर यांच्यामध्ये एक तोटी आहे. ब्लोअरच्या पुढे मॅनिफोल्डवर दुसरी. दोन्हींना एकाच जाडीच्या काळ्या रबरी नळ्या, दोन्ही एकाच फायरवॉलच्या दिशेने गेलेल्या. एक मॅप सेन्सरला जायला हवी, दुसरी बायपासच्या, म्हणजे हलक्या रेसला हवा ब्लोअरला वळसा घालून जाऊ देणाऱ्या झडपेच्या, पडद्याला. त्या अदलाबदल झाल्या होत्या.

हे कुणाच्या लक्षात का आलं नसेल तेही कळलं. इंजिन बंद असताना सेन्सर ९८ दाखवतो, बरोबर. आयडलिंगला बायपास उघडा असतो, त्यामुळे ब्लोअरच्या आधी आणि नंतर दाब जवळपास सारखाच, सेन्सर ३९ दाखवतो, तेही बरोबर. फक्त ब्लोअर काम करायला लागला की चूक सुरू होते.

आणि मग सगळ्या तक्रारी एकेक करून उलगडल्या.

अर्ध्या रेसला ब्लोअरच्या आधी ८२ किलोपास्कल असतात. बायपास मिटला की ब्लोअर तीच हवा ११५ पर्यंत दाबतो. ईसीयूला ८२ दिसतात, म्हणून तो हलक्या भाराचं २६ अंश टायमिंग देतो आणि इंधनही हलक्या भाराचंच. बूस्टमध्ये २६ अंश आणि लीन मिक्श्चर, नॉकिंग होणारच. पूर्ण रेसला मात्र तो १०० च्या रांगेत जातो, तिथे १०८ चा फुगवलेला आकडा आणि टायमिंग १२ अंशांवर आणलेलं. म्हणून तिथे वाजत नाही, नुसता धूर.

झटक्यांचं कारण बायपास. त्याच्या पडद्याला ब्लोअरच्या आधीचा व्हॅक्युम मिळायला हवा. इथे त्याला मॅनिफोल्डचा मिळत होता. झडप मिटली की मॅनिफोल्डचा दाब वाढतो, व्हॅक्युम जातो, आणि झडप मिटलेलीच राहते. उघडली की व्हॅक्युम परत येतो आणि ती उघडी राहते. म्हणजे त्याच रेसला इंजिनच्या दोन अवस्था, आणि गाडी एकीतून दुसरीत उडी मारते. त्या एका घरातले १.१२ आणि ०.८२ म्हणजे याच दोन अवस्था.

नळ्या अदलाबदल केल्या. वेळ सहा मिनिटं. खर्च शून्य. मॅप सेन्सरची नळी नवी, आखूड आणि स्वतंत्र टाकली, तिच्यातून दुसरं काहीही काढलं नाही.

अशी गाडी हातात असेल तर पहिल्यांदा एवढंच करा: पूर्ण रेसच्या लॉगमध्ये दाब वातावरणाच्या वर जातो का ते बघा, आणि गेज असेल तर त्याच्याशी ताडून बघा. ते जुळेपर्यंत तक्त्याला हात लावू नका.

२४ मे, शनिवार

मोठी चूक, इंजिन जाऊ शकलं असतं.

नळ्या बरोबर लागल्यावर गाडी एकदम गुळगुळीत चालायला लागली. झटके गेले. त्या आनंदात मी संध्याकाळी एकटाच रॅम्पवर गेलो आणि पूर्ण रेस दिली. ३८०० आरपीएमला पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज. पाय काढला. लॉगमध्ये १३५ किलोपास्कलला लॅम्डा १.०४. बूस्टमध्ये तो ०.८० असायला हवा.

कारण साधं होतं. बूस्टच्या रांगांमध्ये आजवर इंजिन कधी गेलंच नव्हतं. १०० च्या वरच्या प्रत्येक घरात कुणीतरी सुरुवातीला भरलेला ६० चा आकडा तसाच पडून होता. टायमिंगच्या तक्त्यातही तेच, तिथे २४ अंश. मला तक्ता उघडून पाहायला दोन मिनिटं लागली असती.

घरी येऊन प्लग काढले. ठिपके वाढलेले नव्हते. कॉम्प्रेशन पुन्हा मोजलं, तेच आकडे. नशीब चांगलं म्हणायचं.

रात्री दोन्ही तक्ते हाताने भरले. १०० च्या रांगेचे आकडे खाली आणून ७५ ते ८२, आणि बूस्टच्या सगळ्या रांगांमध्ये मुद्दाम ८८, म्हणजे रिचच्या बाजूला. टायमिंग १०० किलोपास्कलला १८ अंश, १४० ला १२ अंश. आधी सुरक्षित, मग हळूहळू वर. टाकीत ९३ ऑक्टेनचं पेट्रोल आहेच, पण या चुकीला पेट्रोल पुरलं नसतं.

२६ मे, सोमवार

मेमोरियल डेची सुट्टी. काकांनी त्यांची जुनी टायमिंग लाइट (ठिणगीच्या क्षणी चमकून क्रँक कुठे आहे ते दाखवणारी) आणली.

ईसीयूमध्ये टायमिंग १० अंशांवर गोठवलं, क्रँक पुलीच्या खाचेला पांढरा रंग लावला, लाइट मारली. खाच १५ वर. म्हणजे तक्त्यात जे काही लिहिलं आहे त्यापेक्षा इंजिनला ५ अंश जास्त ॲडव्हान्स मिळत होतं, ठिणगी तेवढी आधी पडत होती. अर्ध्या रेसचे ते २६ प्रत्यक्षात ३१ होते. परवाचे २४ होते २९. वाचून पोटात गोळा आला.

या इंजिनात कॅम अँगल सेन्सर हेडच्या मागे असतो आणि तो फिरवून टायमिंग जमतं. त्याचा १२ चा बोल्ट फायरवॉलजवळ अशा जागी आहे की पाना लावायला मनगट पिळावं लागतं. ओ-रिंगमधून तेल गळत होतं, म्हणजे कुणीतरी सेन्सर काढून परत अंदाजाने बसवला असणार. नवी ओ-रिंग घातली, सेन्सर फिरवला, खाच १० वर आणली. ३००० आरपीएमला पुन्हा बघितलं, अंशभरही सरकली नाही. दोन तास गेले, त्यातला दीड तास त्या एका बोल्टला.

३१ मे ते ७ जून

आयडलिंग. वाइडबँडच्या गेजवर लॅम्डा १.०८ म्हणजे लीन, आणि डोळे मात्र चुरचुरतात. नाक आणि सेन्सर यांचं पटत नव्हतं.

आधी वाटलं इनटेकला कुठे हवा गळतेय. पण दाबावर चालणाऱ्या ईसीयूला तशी गळती मिक्श्चरमध्ये दिसत नाही. ती हवाही दाबात मोजली जाते, फक्त आरपीएम वाढतं. आरपीएम ९०० वर नीट होतं. एअरफ्लो मीटरवाल्या गाडीची सवय असलेले इथे हमखास फसतात.

थंड इंजिन सुरू करून एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ हात फिरवला. चार नंबरच्या पोर्टपाशी टिकटिक आणि काजळीची रेघ. गॅस्केट फुटलेलं. एक्झॉस्टमध्ये दोन धक्क्यांच्या मध्ये क्षणभर बाहेरची हवा आत ओढली जाते, तिच्यातला ऑक्सिजन सेन्सरला लागतो आणि तो 'लीन' म्हणतो. आधीच्या ट्यूनरने त्यावर विश्वास ठेवून आयडलिंगला इंधन वाढवलं होतं. जोरात चालवताना हा फरक जवळजवळ दिसत नाही, कारण तेव्हा दाब बाहेरच्याच दिशेने असतो.

गॅस्केट २२ डॉलर. पण मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात आणि तीस हिवाळे झालेल्या स्टडला पाना लावायची हिंमत लागते. एक सोडून सगळे निघाले. तो एक हेडच्या पातळीवर तुटला. दोन दिवस तेल सोडून, तापवून प्रयत्न केले, मग हट्ट सोडला. एका वेल्डरला घरी बोलावलं, त्याने तुटक्या टोकावर नट वेल्ड करून दहा मिनिटांत स्टड बाहेर काढला. ९० डॉलर. पहिल्याच दिवशी बोलावला असता तर आठवडा वाचला असता.

नव्या गॅस्केटनंतर तोच मॅप, तेच आयडलिंग, लॅम्डा ०.८४. म्हणजे नाक खरं बोलत होतं. त्या घरांमधले आकडे १३ टक्के कमी केले. वास गेला.

८ जून, रविवार

संध्याकाळी हेडलाइट लावले आणि लॅपटॉपवरचा लॅम्डा सरकला. डॅशवरचं वाइडबँडचं गेज जागचं हललं नाही.

दिव्यांचा मिक्श्चरशी काय संबंध? संबंध अर्थिंगचा. वाइडबँडच्या कंट्रोलरचं अर्थिंग डॅशमागच्या एका स्क्रूला, ईसीयूचं इंजिन ब्लॉकला. दोन जागांच्या मध्ये मल्टिमीटर लावला: दिवे बंद असताना ०.०७ व्होल्ट, दिवे लावल्यावर ०.१८. माझ्या कंट्रोलरच्या आउटपुटमध्ये शून्य व्होल्ट म्हणजे ७.३५ आणि पाच व्होल्ट म्हणजे २२.३९ एअर-फ्युएल रेशो, म्हणजे एका व्होल्टला साधारण तीन. ०.१८ व्होल्टला अर्ध्याहून जास्त रेशोची चूक. गेजला स्वतःचा आकडा बरोबर दिसत होता, ईसीयूला चुकीचा पोचत होता.

कंट्रोलरचं अर्थिंग ईसीयूच्याच बोल्टवर नेलं. रंग खरवडून, लग सोल्डर करून. आता दिवे, रेडिएटरचा पंखा, केबिनचा पंखा सगळं लावलं तरी ०.०१. तांब्याची तार चार डॉलरची.

मे महिन्यातली ती आपोआप सुधारणा या सेन्सरवर भरवसा ठेवून चालली होती.

१४ जून, शनिवार

दोन कामं.

हवेच्या तापमानाचा सेन्सर एअर फिल्टरच्या डब्यात होता. तिथे त्याला बाहेरची हवा लागते, ब्लोअरने दाबून तापवलेली नाही. नवा उघड्या तोंडाचा सेन्सर २५ डॉलरला आणला आणि मॅनिफोल्डला भोक पाडून आटे पाडले. मॅनिफोल्ड उतरवूनच हे करा. ग्रीस लावलेल्या टॅपवर कीस चिकटतो म्हणून जागेवरच करणारे आहेत, पण एक कण आत गेला तर व्हॉल्व्हची सीट जाईल. उतरवून, धुऊन, परत लावून पाच तास. पहिल्याच फेरीत दिसलं: बाहेर २७ अंश सेल्सिअस, पूर्ण रेसला मॅनिफोल्डमध्ये ८८. सहा पीएसआयवर, इंटरकूलरशिवाय, हे असंच असतं. पण ईसीयूला ते आता माहीत आहे आणि ७० च्या वर मी टायमिंग ३ अंशांपर्यंत कमी करायला लावलं आहे.

दुसरं, बूस्ट. लॉगमध्ये ३५०० ला १३९, ६००० ला १२७. असा ब्लोअर बूस्ट वरपर्यंत जवळपास टिकवून धरतो. पडतोय म्हणजे बेल्ट घसरतोय. पुलीजवळ काळी पूड होतीच आणि बेल्टची आतली बाजू चकाकत होती. नवा बेल्ट ३४ डॉलर. आधी जास्तच ताणला, तर बेअरिंगचा किंकाळीसारखा आवाज आला. थोडा सैल केला. आता ६००० ला १४१.

२१ आणि २२ जून

आता कुठे ट्यूनिंग.

या वेळी तीच आपोआप सुधारणा वापरली, पण आयडलिंगची आणि बूस्टची घरं तिच्यासाठी बंद ठेवली. ती मी लॉग बघून हातानेच भरली. २५००-८० चं ते घर दहा मिनिटांत ६३ वर येऊन बसलं आणि बसूनच राहिलं. सहा आठवड्यांपूर्वी जे घर धावत होतं ते स्थिर झालेलं बघताना फार समाधान वाटलं.

एक अडचण आली. ५२०० च्या पुढे गाडी मिसिंग मारायला लागली आणि लॉगमध्ये त्या जागी लीनची उंच टोकं. इंधन वाढवायला हात गेला, पण आधी थांबलो. ठिणगी चुकली की न जळलेली हवा तशीच एक्झॉस्टमध्ये जाते आणि सेन्सर तिलाही लीनच म्हणतो. प्लगची गॅप १.१ मिलिमीटर होती. बूस्टमध्ये दाट हवेतून ठिणगीला तेवढं अंतर पार करता येत नाही. एनजीकेचे बीकेआर७ई, म्हणजे उष्णता लवकर सोडणारे, एक पायरी थंड प्लग, गॅप ०.७५. १४ डॉलर. अर्धं मिसिंग गेलं. उरलेलं प्लगच्या वायर बदलल्यावर गेलं, ४५ डॉलर. इंधनाला हात लावला नाही.

पुण्याच्या मित्राने फोनवर विचारलं म्हणून इथे लिहितो: आकडे लॅम्डामध्येच ठेवा. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, त्याचा पुरेपूर रेशो १४.१ च्या आसपास. भारतातल्या वीस टक्केवाल्याचा साधारण १३.५. गेज मात्र सगळ्यांना १४.७ च्या हिशोबाने दाखवतं. लॅम्डा १ सगळीकडे १ च असतो.

२८ जून, शनिवार

डायनोवर, म्हणजे चाकावरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, एक तास, १६० डॉलर. ६००० च्या पुढे रस्त्यावर मोजत बसणं मला पटत नव्हतं.

पहिली ओढ (पूर्ण रेसची फेरी) चाकावर १३४ हॉर्सपॉवर. लॅम्डा ०.७५, गरजेपेक्षा रिच. बूस्टच्या रांगा ८८ वरून ८१-८३ वर आणल्या, लॅम्डा ०.८० झाला, १४१ हॉर्सपॉवर. टायमिंग १२ वरून दोन-दोन अंशांनी वाढवत १६ पर्यंत नेलं, वरच्या आरपीएमला १९. १४७. अजून एक अंश दिला तर ताकद वाढलीच नाही, म्हणून तो परत काढला. वाढत नसेल तर तो अंश इंजिनला नुसता धोका. इंजेक्टर उघडा राहण्याचं प्रमाण (ड्यूटी सायकल) कमाल ७८ टक्के. काका प्रत्येक ओढीनंतर गरम प्लग काढायला लावत होते. चारही पांढरट-बदामी, ठिपके नाहीत.

६ जुलै, रविवार

दोन टाक्यांचं ॲव्हरेज काढलं: लिटरला ११ किलोमीटर.

सुट्या भागांवर, वेल्डरवर आणि डायनोवर मिळून ३९४ डॉलर. ओ-रिंग काकांच्या डब्यातली, ती यात धरलेली नाही. पेट्रोल वेगळं.

एक गोष्ट उरली आहे. गरम गाडी पंधरा मिनिटं उभी करून पुन्हा सुरू केली की मॅनिफोल्डमधला नवा सेन्सर तापलेल्या धातूमुळे ७५ अंश दाखवतो. आत येणारी हवा तेवढी गरम नसते, पण ईसीयू इंधन कमी करतो आणि चाळीसेक सेकंद लॅम्डा १.१० राहून आयडलिंग अडखळतं. तापमानानुसार इंधन कमी करणारा वक्र ६० च्या वर सपाट करत आणलाय; काल पेट्रोल पंपावर १.०४ दिसला. एकदम जास्त सपाट केला तर पूर्ण रेसच्या गरम हवेत रिच होईल, म्हणून रोज थोडा थोडा बदलतोय आणि प्रत्येक बदलाची फाइल तारखेने वेगळी ठेवतोय.